शेवटच्या डब्याचा लाल दिवा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "शेवटून पहिला आला, त्याचं एवढं काय कौतुक?" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

सायकलपटू स्वेन टफ्ट इथल्या, म्हणजे कॅनडातल्या आमच्या लँगलीचा. २०१३ च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत १६९ जण पॅरिसला पोचले, त्यांत हा १६९वा. वय ३६ आणि टूरची पहिलीच खेप. पण स्वतः जिंकणं हे त्याचं कामच नव्हतं. पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, मागच्या साथीदाराचं बळ शेवटच्या चढासाठी राखायचं, आणि आपण रिकामे झालो की बाजूला व्हायचं. त्याच टूरमध्ये नीसची २५ किलोमीटरची सांघिक शर्यत (अख्खा संघ एकत्र, घड्याळाशी) त्याच्या ओरिका-ग्रीनएज संघाने जिंकली. एकूण आघाडीवर असलेल्याची पिवळी जर्सी त्याचा साथीदार सायमन गेरान्सच्या अंगावर चढली.

शेवटी येणाऱ्याला तिकडे 'लाल कंदील' म्हणतात. कशावरून, ते तुम्हाला मी काय सांगू? रेल्वेच्या शेवटच्या डब्याच्या दिव्यावरून! तो दिवा दिसल्याशिवाय गाडी पूर्ण आली असं धरत नाहीत, हे मला मिरजेच्या फलाटावर तुम्हीच दाखवलं होतं. जन्मभर गार्डाची नोकरी केलेल्या माणसाने शेवटच्याला कमी लेखावं, हे मला खरंच लागलं.

आई, तुला त्याचं पोरवय ऐकून धडकी भरेल. शाळा अर्धवट सोडली, जुनी सायकल घेतली, मागे गाडा जोडला, त्यात सामान आणि बेअर नावाचा कुत्रा, आणि निघाला थेट कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या दूरच्या बेला कूलाला. पुढे अलास्काही केलं. शर्यतीत आला तो त्यानंतर. २००८ साली व्हारेसेला जागतिक स्पर्धेत एकट्याने घड्याळाशी पळून रौप्यपदक मिळवलं.

आणि ९ मे २०१४. जिरो द'इटालिया या इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीचा पहिला दिवस, तोही बेलफास्टला, २१.७ किलोमीटर, पुन्हा सांघिक शर्यत. ज्या संघाची वेळ सर्वांत कमी, त्याचा जो गडी रेषा आधी ओलांडेल त्याला आघाडीची गुलाबी जर्सी. त्या दिवशी टफ्टला ३७ वर्षं पूर्ण झाली होती. त्याचा संघ जिंकला, आणि साथीदारांनी रेषेवर त्याला पुढे जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी ती जर्सी त्याच्याच संघातल्या मायकेल मॅथ्यूजकडे गेली.

बाबा, ब्रेकव्हॅनच्या दारात हिरवी झेंडी धरून उभे असतानाचा तुमचा फोटो कपाटात आहे ना? आईला सांगून पाठवा. इथल्या भिंतीवर लावायचाय.

तुमची,
मनू