सत्तर गरीब मुलांची शाळा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार वि. वि.

खासगी शाळांत गरीब मुलांसाठी असलेल्या २५ टक्के राखीव जागांविषयी आणि पटसंख्येअभावी अडचणीत आलेल्या खेड्यातील शाळांविषयी आपल्या दैनिकात वेळोवेळी लिहिले जाते. त्याच विषयाला धरून, पण बऱ्याच दुरून, हे पत्र लिहीत आहे. सातारा जिल्ह्यात ३१ वर्षे प्राथमिक शिक्षक म्हणून काम करून मी निवृत्त झालो असून सध्या मुलीकडे इंग्लंडमधील स्लाऊ या गावी मुक्कामाला आहे. स्लाऊहून रेल्वेने अवघ्या सहा मिनिटांवर विंडसर लागते. तेथील राजघराण्याचा किल्ला पाहण्याचा योग गेल्या आठवड्यात मुलगी, जावई आणि नऊ वर्षांची नात यांच्याबरोबर आला.

किल्ला म्हटला की आमच्या डोळ्यांसमोर प्रतापगड उभा राहतो. विंडसर त्याहून अगदी वेगळा आहे. अकराव्या शतकात विल्यम राजाने नदीकाठच्या उंचवट्यावर तो बांधायला घेतला आणि तेव्हापासून राजघराणे तेथे राहत आले आहे. १९९२ च्या आगीत त्यातील शंभराहून अधिक खोल्यांना झळ पोहोचली, त्या पाच वर्षांत पुन्हा उभ्या केल्या गेल्या. दालनांतील गालिचे, झुंबरे आणि शस्त्रांच्या मांडणीविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून ते सोडून देतो. मला ज्या ठिकाणी थांबावेसे वाटले ती एक साधी काळी फरशी होती.

किल्ल्याच्या आवारातील सेंट जॉर्ज चॅपेल या प्रार्थनागृहात ही फरशी जमिनीत बसवलेली आहे. तिच्याखाली सहावा हेन्री हा राजा पुरलेला आहे. जवळच पंधराव्या शतकातील एक लोखंडी दानपेटी आहे. लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैदेत असताना १४७१ साली हा राजा मरण पावला, त्यानंतर सामान्य लोक त्याला संत मानू लागले आणि त्याच्या थडग्यापाशी नवस बोलायला येऊ लागले. त्यांच्या हातातले नाणे पडावे म्हणून ही पेटी. नातीने पेटीवरच्या फटी निरखून पाहिल्या आणि इथे कोण पैसे टाकत असे, असे विचारले. गरीब माणसे टाकत असत, असे मी तिला सांगितले. ते उत्तर देताना या राजाने गरिबांसाठी काय केले होते हे मला आठवले, आणि त्याचे पुढे काय झाले ते पाहायला फार लांब जावे लागणार नव्हते. किल्ल्याच्या उत्तरेकडील सज्जावर आले की खाली टेम्स नदी दिसते आणि पलीकडच्या झाडीतून एका उंच प्रार्थनागृहाचा माथा वर आलेला दिसतो. ती ईटन शाळा. हेन्रीने ती १४४० साली, वयाच्या अठराव्या वर्षी स्थापन केली, आणि पुढे ठरलेल्या नियमांप्रमाणे तेथे ७० गरीब, गरजू मुलांनी राजाच्या खर्चाने राहून शिकायचे होते. दुसऱ्याच वर्षी त्याने केंब्रिजमध्ये किंग्ज कॉलेज काढले आणि या मुलांना पुढे शिकता यावे म्हणून नंतर ते ईटनशी जोडले. शाळेपासून विद्यापीठापर्यंतचा सगळा रस्ता गरिबाच्या मुलासाठी मोकळा करण्याचा विचार पंधराव्या शतकातील एका तरुण राजाच्या मनात आला, याचे शिक्षक म्हणून मला आजही अप्रूप वाटते.

ती ईटन आज खासगी शाळा आहे. तेथे सुमारे १,३५० मुले आहेत आणि एका मुलाची वर्षाची फी साठ हजार पौंडांहून अधिक आहे. इंग्लंडच्या सरकारी शाळेत एका मुलामागे वर्षाला साधारण आठ हजार पौंड खर्च होतात. देशाचे आजवरचे २० पंतप्रधान या एकाच शाळेतून आले. खासगी शाळांत शिकणारी मुले मात्र देशात शंभरात सातच्या आसपास आहेत. येथे कोणाला खलनायक ठरवण्याचा माझा हेतू नाही. शाळा गरजू मुलांना सवलती देते, काहींची फी पूर्ण माफही करते, हे नमूद केले पाहिजे. सत्तर जागाही अजून मोजून सत्तरच आहेत. पण त्या जागा तेराव्या वर्षाच्या सुमारास द्याव्या लागणाऱ्या एका कठीण परीक्षेतून भरल्या जातात, आणि अशा परीक्षांसाठी मुलांना घडवणाऱ्या खासगी शाळा वेगळ्या असतात, ज्यांची फी सामान्य माणसाच्या आवाक्यातील नाही. पावणेसहाशे वर्षांहून अधिक काळ सत्तर हा आकडा जपला गेला आणि ‘गरीब’ हा शब्द मात्र वाटेत गळून पडला. कोणीतरी एके दिवशी ठरवून गरिबांना बाहेर काढले असते तर निदान त्याविरुद्ध आवाज तरी उठला असता. येथे तसे घडलेच नाही. प्रवेश गुणवत्तेवर आला, आणि गुणवत्ता तयार करून घेण्याची सोय ज्यांच्या घरी होती त्यांच्याकडे जागा आपोआप सरकत गेल्या.

हे फक्त बड्या खासगी शाळेत घडते असे कोणी म्हणेल, म्हणून आमच्या घरातलेच सांगतो. इंग्लंडमध्ये १६३ सरकारी ग्रामर शाळा आहेत, त्यांपैकी चार स्लाऊमध्ये आहेत. तेथे फी नसते, मात्र दहा-अकरा वर्षांच्या मुलाला प्रवेश परीक्षा द्यावी लागते. माझी नात त्याच तयारीला लागली आहे. जेवणाच्या टेबलावर तिचे सरावाचे कागद पसरलेले असतात: आकृत्यांची मालिका, विसंगत पद ओळखा, पुढील आकृती कोणती. मी ते हातात घेतले आणि ओळखीचे कोणी भेटावे तसे झाले, कारण शिष्यवृत्ती परीक्षेची बुद्धिमत्ता चाचणी मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढून शिकवली आहे. फरक इतकाच, की आमची मुले ती शाळेत शिकत होती आणि नातीला ती शनिवारच्या क्लासमध्ये पैसे मोजून शिकावी लागते, कारण तिच्या शाळेत ती शिकवली जात नाही. येथे आलेल्या आपल्या लोकांना क्लासची सवय असल्याने हे अंगवळणी पडते. पण नातीची एक वर्गमैत्रीण आहे, गणितात तिच्याइतकीच तल्लख. तिची आई रात्रपाळीला गोदामात सामान भरते. या परीक्षेसाठी पालकांनी स्वतः नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत परीक्षेच्या आधीच, उन्हाळी सुट्टी लागण्यापूर्वी संपते, हे त्या बाईंना ठाऊकच नव्हते, आणि थोरल्या मुलाच्या वेळी तारीख उलटून गेल्यावर ते त्यांना कळले. धाकटीच्या वेळी तसे होऊ नये म्हणून माझ्या मुलीने त्यांना सगळे कागद समजावून दिले आहेत. क्लासचे मात्र त्यांना जमण्यासारखे नाही.

त्या बाईंची हकीकत ऐकताना मला माझ्या शाळेतला एक मुलगा आठवत होता, आणि ती आठवण सुखाची नाही. डोंगरावरच्या वाडीतून तो रोज चालत येई. तोंडी हिशेबात त्याचा हात धरणारा वर्गात कोणी नव्हता. वडील मुंबईला माथाडी कामगार होते. नवोदय विद्यालयाचा अर्ज भरण्याची वेळ आली तेव्हा कागदपत्रे अपुरी होती, वाडीवर मोबाईलला रेंज नव्हती, आणि वडील गावी आले की भरू, असे मी म्हणालो. ते यात्रेला आले तोवर मुदत संपली होती. तो अर्ज मी त्याच आठवड्यात तालुक्याला जाऊन भरायला हवा होता. १९८६ पासून सुरू झालेल्या नवोदय विद्यालयांत तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत, आणि त्या नेमक्या अशाच मुलांसाठी काढल्या गेल्या. आज तालुक्याच्या कोणत्याही गावी एस.टी. स्टँडवर उतरले की ‘नवोदय, सैनिक स्कूल, शिष्यवृत्ती’ असे क्लासचे फलक दिसतात. विंडसरच्या सज्जावरून पलीकडे पाहताना त्या फलकांची आठवण झाल्याखेरीज राहिली नाही.

आपल्याकडेही एका राजाने हा विचार केला होता, आणि त्याची दिशा वेगळी होती. शाहू महाराजांनी हुशार मुले निवडून त्यांच्यापुरती एक शाळा काढली नाही. वसतिगृहे त्यांनी उभारलीच, पण १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सर्वांना मोफत आणि सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. मुलाला शाळेपर्यंत आणण्याची जबाबदारी त्यांनी राज्यावर घेतली, आणि हा फरक मला फार मोलाचा वाटतो. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत ठेवलेल्या २५ टक्के जागांचा प्रश्न याच नजरेने पाहावा. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून मोकळीक देणारा बदल राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द ठरवला, हे चांगले झाले. जागा वाचल्या. पण या मुलांच्या फीपोटी शासनाने शाळांना द्यावयाची प्रतिपूर्तीची रक्कम रखडत असेल आणि ऑनलाइन अर्जाची तारीख वीटभट्टीवरच्या आईपर्यंत पोहोचत नसेल, तर त्या जागा कागदावर भरलेल्या दिसतील आणि बसणारी मुले वेगळीच असतील.

म्हणून शासनाकडे माझी मागणी अशी आहे, की प्रत्येक पात्र मुलाचा नवोदय आणि शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज भरण्याची जबाबदारी पालकांवर न सोडता मुख्याध्यापकांवर टाकावी आणि त्यासाठी लागणारा खर्च व वेळ शाळेला अधिकृतपणे द्यावा. परीक्षेची तयारी जिल्हा परिषदेच्या शाळेतच, शाळेच्या वेळात करून घेतली जावी. तसेच निवड झालेल्या मुलांपैकी किती मुले जिल्हा परिषद शाळांतील आहेत आणि त्यांचे पालक काय काम करतात, याची जिल्हावार माहिती दरवर्षी निकालाबरोबर जाहीर व्हावी. ही माहिती डोळ्यांसमोर असती तर ईटनमध्ये जे हळूहळू घडले ते कोणाच्या लक्षात आल्याशिवाय राहिले नसते.

संपादक महोदय, आपणांसही एक विनंती आहे. २५ टक्के प्रवेश, नवोदय आणि शिष्यवृत्ती यांच्या अर्जांच्या तारखा व लागणारी कागदपत्रे आपण जिल्हा आवृत्तीत पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत, मुदत संपण्याच्या तीन आठवडे आधीपासून छापाव्यात. आमच्या वाडीवर मोबाईलला अजून धड रेंज नाही, पण आपला अंक दूध संकलन केंद्रावर रोज सकाळी येतो आणि तेथे तो मोठ्याने वाचला जातो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
(सातारा जिल्हा, सध्या मुक्काम स्लाऊ, इंग्लंड)