परक्याला सांगितलं तर काय बिघडलं?

मा. संपादक,

परवा परत तुमच्या पेपरात आत्महत्येची बातमी वाचली. वाडा कुठला, बाप काय करतो, कर्ज किती होतं, सगळं होतं, मदतीचा नंबर तेवढा नव्हता. म्हणून हे पत्र.

पावसाच्या सुरवातीला मी फोंड्याहून पणजीला कदंबाच्या बसने जात होतो, बाजूला तेवीस-चोवीसचा मुलगा, मोबाइलवर सारखं काहीतरी टाइप करायचा नि पुसायचा. म्हार्दोळ गेल्यावर एकदम म्हणाला, "काका, तुमी म्हाका वळखनात, म्हणून सांगतां." आणि मग सुरूच झाला. नोकरी गेली, जहाजावर लावतो म्हणून एजंटने घेतलेले पैसे बुडाले, घरी अजून पत्ता नाही, रात्ररात्र मोबाइलवर कुठल्या कुठल्या माणसांशी बोलत बसतो, त्यातला एक बिचारा समजावतो आणि दुसरा म्हणाला, जा मग, सांगतोस कशाला.

माझ्या पोटात गोळाच आला. विचारावं तर डोक्यात नसलेलं आपणच घालू असं वाटत होतं. शेवटी बाणस्तारी आलं तेव्हा सरळच विचारलं, बाबा, जीव द्यायचा विचार येतो काय रे? हो म्हणाला आणि रडायलाच लागला. सरळ विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो, हे मी नंतर वाचलं, तेव्हा नुसतं तोंडातून निघून गेलं.

लोक म्हणतील घरचे सोडून परक्याला कशाला सांगायचं. अहो, पण आपल्या गोव्यात परका मिळतो कुठे! सकाळी एकाला सांगितलं की संध्याकाळी देवळाच्या पायरीवर तोच विषय, चतुर्थीला मुंबईहून येणाऱ्या आत्येलापण कळणार आणि दहा वर्षांनी बहिणीचं लग्न जमवताना कोणीतरी तेच उकरून काढणार. बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात जायचं तर तिथे ओळखीचं कोण भेटेल हीच भीती आधी. मग पोरगा परक्याकडे जातो यात त्याचं काय चुकलं?

फक्त तो परका ट्रेनिंग देऊन तयार केलेला पाहिजे. लंडनमध्ये १९५३ साली चॅड वारा नावाच्या पाद्रीने जीव द्यायचा विचार येणाऱ्यांसाठी फोन सुरू केला. भेटायला येणाऱ्यांना बाहेर चहा द्यायला साधे स्वयंसेवक बसायचे, तर लोक त्यांच्याशीच बोलून हलके व्हायचे, काहींना मग पाद्रीची गरजच उरायची नाही. त्यातून समॅरिटन्स ही संस्था उभी राहिली. लांब कशाला, आपल्याच गोव्यात संगाथ संस्थेने डॉक्टर नसलेल्या माणसांना ट्रेनिंग देऊन आरोग्य केंद्रात बसवलं आणि नैराश्याच्या पेशंटना सरकारी केंद्रांत त्याचा फायदा झाला, २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं ते. इथल्या किती जणांना माहीत आहे देव जाणे.

मोबाइलवरचा परका मध्येच झोपला तर? आपण कुठे आहोत हे त्याला माहीत नाही आणि तो कोण हे आपल्याला नाही.

पणजी स्टँडवर उतरल्यावर चहा घेतला आणि त्याला म्हटलं १४४१६ लाव, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठी सरकारची हेल्पलाइन, फुकट आहे, चोवीस तास चालतं. (हा नंबर मला माहीत होता तो केवळ भाचीमुळे.) त्याचा पहिला प्रश्न काय, तर काका, पोलीस केस होत नाही ना? मदत मागणं गुन्हा कधीच नव्हता बाबा, आणि प्रयत्न केलेल्या माणसालासुद्धा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शिक्षा नाही, तो भयंकर ताणात होता असंच धरायचं आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची. हे मी चहाच्या गाड्यावर उभा राहून सांगत होतो, गाडेवालापण कान देऊन ऐकत होता. मग अर्धा तास तो फोनवर बोलला आणि मी लांब उभा राहिलो, कारण मी ऐकलं असतं तर मीपण ओळखीचाच झालो असतो.

प्रेस कौन्सिलने २०१९ मध्येच सांगितलंय की अशा बातम्या ठळक छापू नका, पद्धत आणि ठिकाण देऊ नका; आणि ज्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांवरून त्यांनी हे घेतलं, त्यांत मदतीची माहिती द्या असंही आहे. तेव्हा वाडा आणि कर्जाचा आकडा काढा आणि त्याच जागेत १४४१६ टाका. लगेच धोका दिसत असेल तर ११२ हेपण टाका. आतल्या पानावर सप्टेंबरच्या दहा तारखेला, आत्महत्या प्रतिबंध दिनाला, एकदाच नको, प्रत्येक बातमीखाली पाहिजे.

त्या मुलाचं नाव मी विचारलं नाही. माझा नंबर मात्र त्याने घेतला, 'बसकाका' म्हणून सेव्ह केला.

आपला,
एक वाचक, फोंडा