खेळातला खलनायक पाठलाग कुठवर करतो?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या सुट्टीतील बैठ्या खेळांवर जो लेख आला, त्यात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची दखल घेतलेली पाहून मला मनापासून आनंद झाला. मात्र या खेळात एकदा लढाई जुंपली की कोणत्या तरी एका बाजूचा फडशा पडेपर्यंत ती चालते, असे एक विधान त्या लेखात आहे. अनेक ठिकाणी हा खेळ तसा खेळला जातो हे खरे आहे; परंतु तो तसाच असतो असा समज रूढ झाला, तर त्यात मुलांचेही नुकसान आहे आणि खेळाचेही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चार-पाच जण एकेका पात्राची भूमिका घेतात आणि एक जण ‘गेम मास्टर’ होऊन उरलेले सगळे जग चालवतो. त्यात गावकरी आले, लांडगे आले, दरोडेखोर आले आणि खलनायकही आला. वार लागला की चुकला हे फासे सांगतात. खलनायकाच्या मनात काय आहे हे मात्र गेम मास्टरलाच ठरवावे लागते. खेळाडूंनी लढाईतून काढता पाय घेतला की खलनायक काय करतो, यावर त्या टेबलावरच्या पुढच्या सगळ्या खेळाचे वळण ठरते, असे माझे ठाम मत आहे.

मी आमच्या सोसायटीतील आठवी-नववीच्या मुलांसाठी हा खेळ घेते. दुसरीकडे खेळून आलेली मुले आमच्यात बसली की एक गोष्ट हमखास दिसते: पात्रांचे हिट पॉइंट्स, म्हणजे जीव किती उरला हे सांगणारे गुण, संपत आलेले असतात, एखादा बेशुद्ध पडलेला असतो आणि तरीही मागे फिरण्याचे नाव कोणी काढत नाही. अशाच एका प्रसंगी एका मुलीने ‘आपण परत जाऊ या का?’ असे विचारले, तेव्हा शेजारचा मुलगा म्हणाला, ‘पळून काय उपयोग? ते मागे येऊन मारणारच.’ हा त्याचा हट्ट नव्हता, तो त्याचा अनुभव होता. तो पूर्वी जिथे खेळत असे, तिथे पळणाऱ्या प्रत्येक पात्राला गाठून मारले जात असे. असा अनुभव एकदा आला, की माघार हा शब्दच मुलांच्या विचारातून निघून जातो आणि मग प्रत्येक लढाई मरेपर्यंत लढणे एवढाच मार्ग त्यांच्यापुढे उरतो.

यात दोष एकट्या गेम मास्टरचा नाही, कारण नियमच त्याला तिकडे ढकलतात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत माणूस एका फेरीत, म्हणजे सर्वांची एकेक पाळी होईपर्यंत, ३० फूट चालतो आणि गॉब्लिन हा खुजा राक्षसही ३० फूटच चालतो. लांडगा तर ४० फूट जातो. शत्रूच्या हाताच्या टप्प्यातून बाहेर पडताना त्याला एक मोकळा वार मिळतो. तो टाळण्यासाठी जपून मागे सरायचे ठरवले, तर त्या फेरीतील तुमची कृती त्यातच खर्च होते आणि शत्रू आपल्या पाळीला आरामात चालत येऊन पुन्हा वार करतो. फेरीमागून फेरी असा हिशेब चालू राहिला, तर पळणारा वाचणे जवळजवळ अशक्य आहे. त्याच आवृत्तीत पाठलागाचे वेगळे नियम दिलेले आहेत, पण ऐन लढाईत ते पान उघडणारे फार थोडे.

जुन्या नियमांत याचा अधिक विचार होता. १९८१ च्या प्राथमिक नियमपुस्तकात प्रत्येक प्राण्याला २ ते १२ यांपैकी एक धैर्यांक दिलेला असे. गटातील पहिला साथीदार पडल्यावर आणि पुन्हा निम्मे गारद झाल्यावर दोन फासे टाकायचे आणि बेरीज त्या अंकापेक्षा जास्त आली, तर शत्रूने पळायचे किंवा शरण यायचे. गॉब्लिनचा अंक ७, तर ज्याला भीतीच नाही अशा हाडांच्या सापळ्याचा १२. पळणाऱ्या खेळाडूंनी भुकेल्या जनावरापुढे अन्न टाकले किंवा बुद्धी असलेल्या शत्रूपुढे धन टाकले, तर त्याने पाठलाग सोडण्याची शक्यता निम्मी धरलेली असे. नियम साधे होते, परंतु पाठलाग करणाऱ्यालाही जीव प्यारा असतो आणि त्यालाही काहीतरी हवे असते, हे त्यांत गृहीत धरलेले होते. अलीकडच्या ‘थर्टीन्थ एज’ या खेळाने (२०१३) तर सरळ सांगून टाकले आहे की, सर्व खेळाडू एकमताने पळायला तयार असतील, तर पडलेल्या साथीदारांना घेऊन ते सुखरूप निसटतात. मात्र त्याची किंमत म्हणून कथेत त्यांचे काही मोठे नुकसान होते. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे पात्रे जिवंत राहतात आणि तरीही माघार फुकट मिळत नाही.

ही किंमत खलनायकाने वसूल करायची असते आणि ती त्याच्या स्वभावाप्रमाणे वसूल झाली पाहिजे. भुकेले लांडगे मागे राहिलेल्या खेचरावर तुटून पडतील आणि माणसांना विसरतील. थडग्याचे रक्षण करणारे हाडांचे सापळे उंबऱ्यापर्यंत येतील, त्यापुढे एक पाऊल टाकणार नाहीत. दरोडेखोरांना माल हवा असतो. तो मिळाला की अंधारात जीव धोक्यात घालण्याचे त्यांना काही कारण उरत नाही.

आमच्या टेबलावरचा प्रसंग सांगते. गुहेच्या तोंडाशी नऊ गॉब्लिन होते, त्यांतील चार पडले, खेळाडूंपैकीही दोघे जायबंदी झाले आणि मुलांनी ओढ्यावरचा पूल ओलांडून पळ काढला. गॉब्लिनांचा म्होरक्या पुलाच्या मध्यावर थांबला. त्याने आधी मागे वळून आपल्या पडलेल्या माणसांकडे पाहिले. सगळे पाठलागावर गेले तर गुहा उघडी पडेल, हे त्याला कळत होते. त्याने दोन चपळ गॉब्लिन खेळाडूंच्या मागावर पाठवले, हल्ला करायला नव्हे, तर त्यांचा तळ कुठे पडतो हे बघायला, आणि उरलेल्यांकडून त्याने पूल तोडून घेतला. पुढच्या शनिवारी मुले परत आली तेव्हा गुहेचे तोंड दगडांनी अर्धे बुजवलेले होते आणि ज्या सुताराला सोडवायला ती निघाली होती, त्याला रातोरात दुसरीकडे हलवलेले होते. त्या दिवशी मुलांनी फासे फारसे टाकलेच नाहीत. नकाशा पुढे घेऊन त्यांनी म्होरक्याच्या डोक्याने विचार केला. शत्रूलाही डोके आहे हे त्यांनी पहिल्यांदा अनुभवले.

हा माझा शोध नव्हे. गायगॅक्स यांनीच ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या, खेळण्यासाठी तयार करून दिलेल्या साहसकथेत बुद्धी असलेल्या शत्रूंना अनुभवातून शिकू द्यावे, असे गेम मास्टरला बजावले आहे. त्यातील एक सूचना अगदी या विषयाची आहे: मोठा जमाव पाहून खेळाडू पळतात हे शत्रूच्या लक्षात आले, तर पुढच्या वेळी मूठभर शत्रूंनी आरडाओरडा करून मोठा जमाव येत असल्याचा भास निर्माण करावा.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की पळणाऱ्यांना जाऊ दिले तर खलनायकाचा धाक उरत नाही. मला हे पटत नाही आणि त्यासाठी आपल्याच इतिहासातील वडगावचे उदाहरण पुरेसे आहे. जानेवारी १७७९ मध्ये रघुनाथरावांना पुण्यात सत्तेवर बसवण्यासाठी घाट चढून आलेली कंपनी सरकारची फौज तळेगावाहून रात्रीच्या अंधारात मागे फिरली. जड तोफा तळ्यात ढकलून आणि सामान जाळून ती निघाली होती. मराठ्यांनी पिछाडीवर हल्ले चढवले, वडगावला तिला चहूबाजूंनी घेरले, पण तिची कत्तल केली नाही. १७७३ पासून कंपनीने बळकावलेला मुलूख परत देण्याचा तह लिहून घेतला, ओलीस ठेवून घेतले आणि फौजेला मुंबईला परत जाऊ दिले. महादजी शिंद्यांचा धाक त्यामुळे कमी झाला, असे कोण म्हणेल? पुढे कंपनीने तो तह धुडकावला आणि युद्ध चालूच राहिले. खेळाच्या भाषेत सांगायचे, तर निसटलेली पात्रे नव्या तयारीनिशी परत आली. गेम मास्टरला कथा पुढे न्यायची असेल, तर याहून चांगले त्याला काय हवे?

आणखी एका बाबीकडे लक्ष वेधते. खलनायक कुठे थांबणार हे गेम मास्टरने मनात ठरवले, पण मुलांना त्याचा सुगावाच लागू दिला नाही, तर त्याचा काही उपयोग होत नाही. टेबलावरच्या माणसाला गेम मास्टर जेवढे सांगतो तेवढेच दिसते. म्हणून लढाई चालू असतानाच ‘म्होरक्या सारखा मागे गुहेकडे बघतो आहे’ किंवा ‘सापळ्यांनी अजून उंबरा ओलांडलेला नाही’ असे स्पष्ट बोलावे आणि मुलांनी पळायचे ठरवले की फेऱ्यांची मोजदाद तिथेच थांबवावी. पात्र स्वतः लढवय्ये असेल, तर त्याला हे नजरेने कळले असते. ते सांगण्यात कसलीही सवलत नाही.

सुट्टीतील शिबिरांत हा खेळ घेणाऱ्यांना माझी विनंती आहे की, लढाई मांडण्यापूर्वी दोन ओळी कागदावर लिहून ठेवाव्यात: या खलनायकाला नेमके काय हवे आहे, आणि ते मिळवण्यासाठी तो आपली किती माणसे गमवायला तयार आहे. आपल्या पुरवणीने या खेळावर पुन्हा लिहिताना मुलांना खेळवणाऱ्या एखाद्या अनुभवी गेम मास्टरला याविषयी बोलते करावे, अशी आपणांसही विनंती आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक वाचक, ठाणे