लोह कोणत्या बाळाला आणि किती, हे का छापले नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तान्ह्या बाळाला दिलेले लोह त्याच्या स्मरणशक्तीच्या मुळावर येते, अशा अर्थाचे शीर्षक आपण कालच्या अंकात छापले. आज सकाळी आमच्या गल्लीतील एका आईने आपल्या अकरा महिन्यांच्या मुलाची लोहाच्या औषधाची बाटली माझ्याकडे आणून ठेवली. ती अर्धीही संपलेली नव्हती, आणि तिच्यावर 'मंगळवार-शुक्रवार' असे मीच पेनाने लिहून दिले होते. "शी काळी व्हायची तेव्हाच मला शंका आली होती, आता पेपरातही आलंय," असे ती म्हणाली. अंगात न शोषलेल्या लोहामुळे शी काळी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही, हे मी परोपरीने सांगितले; पण छापील अक्षरापुढे माझे काही चालले नाही.

बातमीतील संशोधन खोटे आहे, असे मी म्हणत नाही. ब्राझीलमध्ये उंदरांच्या पिल्लांना जन्मानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात जादा लोह पाजले, तेव्हा मोठेपणी त्यांची स्मरणशक्ती खरोखरच कमी भरली. चिलीमध्ये सहा महिन्यांच्या निरोगी बाळांपैकी काहींना लिटरमागे 12.7 मिलिग्रॅम लोह असलेले पावडरचे दूध वर्षाचे होईपर्यंत दिले आणि काहींना 2.3 मिलिग्रॅमचे, दहाव्या वर्षी जादा लोहवाली मुले जागा लक्षात ठेवण्याच्या चाचणीत मागे पडली. मात्र सहाव्या महिन्यात ज्यांचे हिमोग्लोबिन मुळातच भरपूर होते, त्यांचे नुकसान अधिक झाले आणि ज्यांचे कमी होते, त्यांना त्याच दुधाचा फायदा झाला, हे 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच अभ्यासात आहे. हा अर्धा भाग आपण गाळलात. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील 68.9 टक्के बालकांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळले आहे, तेव्हा आपल्या वाचकांची बहुतेक मुले कोणत्या गटात मोडतात, हे वेगळे सांगायला नको.

माझी नात आठव्या महिन्यातच जन्मली. वजन एक किलो आठशे. बाळाचा लोहाचा साठा मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत भरतो आणि आईच्या दुधात लोह फार थोडे असते, त्यामुळे अशा बाळाला थेंब लवकर सुरू करावे लागतात. त्या खासगी रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर अंघोळीपासून लसींपर्यंत सारे लिहिले होते, लोहाचे थेंब तेवढे नव्हते. सव्वीस वर्षे अंगणवाडीत रक्त कमी आहे का, हे बघायला दुसऱ्यांच्या लेकरांच्या पापण्या ओढून पाहिलेली मी, डॉक्टरांनी लिहिले नाही म्हणजे नको असेल, असे समजून गप्प बसले. पदराखाली वाटी लपवली की नऊ-दहा महिन्यांची मुले ती शोधायला पदर ओढतात. ही नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. दहाव्या महिन्यात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन अवघे 6.9, म्हणजे फारच कमी. औषधाने पुढे रक्त भरले. पण कोस्टा रिकामध्ये तान्हेपणी ज्यांचे लोह दीर्घकाळ कमी राहिले, ती मुले रक्त भरल्यानंतरही किशोरवयापर्यंत बुद्धीच्या चाचण्यांत मागेच राहिली, हे वाचल्यापासून नात पाढा विसरली तरी माझ्या काळजात चर्र होते.

म्हणून कळकळीची विनंती आहे की, त्याच पानावर आणि तितक्याच मोठ्या अक्षरांत पुढील मजकूर छापावा: सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांना सरकारी औषध आठवड्यातून दोनदा, एका वेळी एक मिलिलिटर देतात व त्यात 20 मिलिग्रॅम लोह असते, थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या किंवा सध्या आजारी असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते देऊ नये, आणि अंदाजाने जास्त पाजू नये.

आणखी एक. त्याच बातमीच्या खाली बाळाची बुद्धी वाढवणाऱ्या टॉनिकची पाव पान जाहिरात होती. त्यात लोह किती, हे मी भिंग लावून शोधले, कुठेही नव्हते. ज्या आईने सकाळी माझ्याकडे बाटली परत आणली, तिच्या हातात त्याच जाहिरातीचे कात्रण होते.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका, जि. नाशिक