ढबू मिरची मृगात लावू नका, आधी आपल्याकडचा पाऊस बघा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परसबागेचं पान येतं ते आमच्या घरात सगळ्यात आधी वाचलं जातं, अग्रलेख नंतर (राग मानू नका). पण मागच्या पानात "जूनमध्ये तिखट मिरची आणि ढबू दोन्ही कुंडीत लावा" असं सरसकट छापलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. सोलापूर-नगरकडच्या पावसाला हे ठीक असेल ओ, पण बेळगावात जून-जुलैच्या झडीत ढबूचं कोवळं रोप उघड्या गच्चीवर ठेवलं की ते बुडातून कुजतं आणि आडवं होतं, मग लोक म्हणतात आमच्या हाताला गुण नाही. हाताचं काही नाही त्यात, महिना चुकलाय. आणि आपलाच जिल्हा बघा की, खानापूरकडं जंगलातला धो धो पाऊस, मधे आपलं शहर, आणि सौंदत्ती-रामदुर्गकडं गेलं की काळी जमीन आणि ढग नुसते बघायचे. एकाच जिल्ह्याला एक तारीख चालत नाही तिथं सगळ्या महाराष्ट्र-कर्नाटकाला कशी चालेल?

तिखट मिरचीचं एकवेळ चालून जातं, ती काटक असते. रोहिणीत (मे सरता सरता) बी टाकायचं, वर आडोसा ठेवायचा, आठ-पंधरा दिवसांत उगवतं, आणि पाचेक आठवड्यांनी रोप जरा दणकट झालं, पावसाची उघडीप मिळाली की मोठ्या कुंडीत हलवायचं. कुंडी विटांवर उचलून ठेवायची म्हणजे खालची भोकं बुजत नाहीत. लाल माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू, एवढंच पुरे, विकतच्या पिशव्यांमागं धावायची गरज नाही.

ढबूचे मात्र नखरे. तिला दिवसा पंचवीसच्या आसपास तापमान आणि गार रात्र लागते, पारा ३२-३३ च्या वर गेला आणि रात्रीही उकडायला लागलं की फुलं गळतात, झाड हिरवंगार आणि फळाचा पत्ता नाही. म्हणून आपल्याकडं ढबूचं बी ऑगस्टमध्ये आडोशाला टाकायचं आणि हस्ताचा पाऊस सरता सरता, म्हणजे ऑक्टोबरात, रोप कुंडीत लावायचं. मग थंडीत फळं धरतात, आणि बेळगावची थंडी तिला जेवढी मानवते तेवढी खाली घाटाखाली कोकणात कुठली मानवायला. लाल-पिवळी पाहिजे असेल तर हिरवं फळ झाडावरच अजून काही आठवडे ठेवायचा धीर पाहिजे, तोडून फळीवर ठेवलं म्हणजे तसा रंग येत नाही. आणि मॉलमध्ये दिसते तशी चकचकीत येणार नाही हे आत्ताच सांगून ठेवतो, ती पॉलिहाऊसमधली असते.

दुसरं, फळाचा बूड काळा पडतो त्याबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे अंड्याची टरफलं घाला म्हणतात. कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही म्हणून ते होतं हे खरं, पण मातीत कॅल्शियम असूनही होतं, कारण दोन दिवस कुंडी कडक वाळवायची आणि तिसऱ्या दिवशी बादली ओतायची ही आपली सवय. पाणी एकसारखं द्या, वर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, निम्मा त्रास तिथंच संपतो. टरफलं विरघळायला इतका वेळ घेतात की तोवर झाड म्हातारं होतं. युरियाचं तर नावच नको, नुसता पाला माजतो.

पानं मुरडली की आपण सगळ्यालाच चुरडामुरडा म्हणतो आणि दिसेल ते औषध मारतो. पान वरच्या बाजूला होडीसारखं वळलं तर बहुतेक फुलकिडे असतात, खालच्या बाजूला वळून देठ लांबला तर कोळी (जाळं विणणारा घरातला नव्हे, पानावरची अगदी बारीक कीड), आणि शेंडाच बारीक होऊन पानं पिवळट चुरगळली तर पांढऱ्या माशीनं आणलेला व्हायरस, त्याला औषध नाही, झाड उपटून टाकायचं. फुलकिड्यांना निळे चिकट सापळे, माशीला पिवळे, आणि पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी पानाच्या खालच्या अंगाला. घरच्या चार कुंड्यांना विषारी औषध कशाला, ती मिरची तुम्हीच खाणार आहात की.

आता बियांचं. लोक ढबू आणि लवंगी शेजारी-शेजारी लावतात आणि घाबरतात की ढबू तिखट होईल. त्या वर्षीच्या फळाला काही होत नाही, निवांत खावा. पण मधमाश्यांनी पराग इकडचा तिकडं केला आणि तुम्ही त्याच ढबूचं बी धरलं तर पुढच्या वर्षी झाडावर ढबूसारखं दिसणारं आणि डोळ्यांतून पाणी काढणारं काहीतरी येऊ शकतं, कारण तिखटपणाचा गुण वरचढ असतो. बी धरायचं असेल तर फूल उमलायच्या आधीच कळीला पातळ कापडाची पिशवी बांधा, मिरची स्वतःच्या परागावर धरते. बाजारातल्या हिरव्या ढबूचं बी काढून पेरणाऱ्यांना तर हात जोडतो, एक तर ते कच्चं, वर बहुतेक हायब्रिड. त्यापेक्षा बेंगळूरच्या आयआयएचआर या बागायती संशोधन संस्थेच्या अर्का मोहिनी, अर्का गौरव असल्या सरळ (हायब्रिड नसलेल्या) ढबूच्या जाती लावा, त्यांचं बी पुढं धरता येतं.

पण जात कळणार कशी? शनिवारच्या बाजारात रोपवाल्या अक्कांना विचारलं, "कुठली ओ मिरची?" तर उत्तर एकच, "तिखट हाय, घ्या." ब्याडगी म्हणून घेतलेलं रोप वाढल्यावर भलतंच काहीतरी निघतं. ब्याडगीला २०११ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, तिच्यातला डब्बी प्रकार आखूड-फुगीर आणि कड्डी प्रकार लांब-सुरकुतलेला, रंग भरपूर आणि जाळ कमी, हे आपल्या भागातल्या बायकांना कुणी शिकवायला नको, पण रोपाच्या ट्रेवर साधी चिठ्ठी नसते. नर्सरीवाल्यांनी ट्रेवर जात आणि बी टाकल्याची तारीख लिहावी, एवढं तरी तुम्ही छापून आणा.

आणि संकेश्वरी! आपल्याच हुक्केरी तालुक्यातल्या गावाचं नाव लावलेली मिरची. चटणीला रंग ब्याडगीचा आणि झणका संकेश्वरीचा हे ठरलेलं, पण अस्सल जुनं बी आता शोधून मिळत नाही, शेतात सगळीकडं हायब्रिड. अरभावीला उद्यानविद्या कॉलेज आहे, मत्तिकोप्पला कृषी विज्ञान केंद्र आहे, तुमचा बातमीदार पाठवा, बी कुठं मिळतं आणि कुठल्या महिन्यात काय लावायचं हे पश्चिम आणि पूर्व तालुक्यांसाठी वेगवेगळं विचारून घ्या आणि त्या पानावर द्या. कुणा शेतकऱ्याकडं संकेश्वरीचं घरचं बी राखलेलं असेल तर त्यांच्या परवानगीनं तेही कळवा, मूठभर बियांसाठी संकेश्वरपर्यंत यायची माझी तयारी आहे, पण मृगाच्या आत कळवा म्हणजे झालं.

आपला,
एक वाचक, अनगोळ, बेळगाव