दिव्याचा फोटो छापता, उजेडाबद्दलही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या शोभेच्या दिव्यांवर दोन पानी मजकूर आला होता. मी तो दोनदा वाचला आणि फोटोंकडे त्याहून जास्त वेळ पाहत बसले. पितळी झुंबर, धुरकट काचेचा टांगता दिवा, वेताच्या टोपलीसारखी शेड, कोपऱ्यात उभा करायचा उंच दिवा. कुठला दिवा कशाचा बनवलाय, कोणत्या भिंतीपुढे खुलेल, सगळं सांगितलं होतं. आत बल्ब कोणता लावायचा याबद्दल एक ओळ नव्हती. आणि सहापैकी पाच फोटोंत दिव्याची स्वतःचीच सावली उजवीकडच्या भिंतीवर पडलेली आहे. म्हणजे फोटो दिवसा काढलेत, उजेड डावीकडच्या खिडकीतून येतोय आणि दिवा नुसता लावून ठेवलाय. रात्री त्याच्याखाली बसून काही वाचता येईल का, हे त्या फोटोवरून कुणालाच कळणार नाही.

मी ३६ वर्षं घरी रफूचं काम करते. कापडाच्या विणीत वीण मिसळून भोक बुजवायचं. यात निम्मं काम सुईचं आणि निम्मं रंग जुळवण्याचं. माझ्याकडे करड्या रंगाचीच चौदा रिळं आहेत. दुसऱ्या कुणाला ती सगळी एकाच रंगाची वाटतात. चार वर्षांपूर्वी कामाच्या टेबलावरचा जुना तारेचा बल्ब गेला आणि मी पहिल्यांदा एलईडी आणला. त्या आठवड्यात एका करड्या लोकरी कोटाच्या कोपरावर रफू केलं. रात्री दिव्याखाली ते इतकं मिसळून गेलं होतं की मलाच बोटाने चाचपून शोधावं लागलं. सकाळी कोट खिडकीशी नेला, तर कोपरावर हिरवट डाग. सगळं उसवलं, दिवसा बसून पुन्हा केलं. इतक्या वर्षांत माझ्या हातून रंग असा कधी चुकला नव्हता, म्हणून मी या बल्बच्या मागे लागले.

कळलं ते असं. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत निळा उजेड देणारी बारीक चिप असते आणि तिच्यावर पिवळट लेप. निळ्यातला काही भाग लेपातून पिवळा होऊन बाहेर पडतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरा उजेड दिसतो. या मिश्रणात गडद लाल फार कमी असतो. माझ्या त्या कोटाच्या लोकरीत पुसटशी लाल झाक होती, धाग्यात नव्हती. ज्या उजेडात लालच अपुरा, त्यात दोन्ही सारखेच दिसणार.

बल्बच्या उजेडात रंग किती खरे दिसतात याला गुण देण्याची पद्धत आहे. त्याला सीआरआय म्हणतात, काही पाकिटांवर ‘आरए’ असं लिहिलेलं असतं. जुन्या तारेच्या बल्बला त्यात जवळपास १०० गुण मिळतात, बाजारातल्या साध्या एलईडीला ८०च्या आसपास. पण हे गुण आठ फिक्या रंगांची सरासरी असतात. गडद लाल त्या आठांत धरलेलाच नाही. त्याची परीक्षा वेगळी, तिला ‘आर नऊ’ म्हणतात. त्यामुळे ८० गुणांचा बल्ब लाल रंगात साफ नापास असू शकतो. आता माझ्या टेबलावर ९० च्या वरचा बल्ब आहे. कपड्यांचं कपाट, आरसा, चित्रं टांगलेली भिंत, आजारी माणसाची खोली, इथेही मी तोच लावीन. माणसाचा चेहरा फिकट पडलाय की बल्बच तसा दाखवतोय, हे कळायला नको का? ही माहिती पाकिटावर असलीच तर मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत. ती पुढे, वॅटच्या शेजारी, तेवढ्याच आकारात छापली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या बल्बसाठी मी गळा काढत नाही. त्याला दिलेल्या विजेतला बहुतेक भाग उष्णतेतच जायचा; उन्हाळ्यात त्याच्याखाली मान भाजत मी कामं केली आहेत. निळ्या एलईडीचा शोध लावणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते योग्यच झालं. पण बल्ब बदलले आणि ते विकत घेताना विचारायचा प्रश्न तोच राहिला. अजून आपण ‘किती वॅटचा?’ असंच विचारतो. वॅट म्हणजे बल्ब खातो किती. देतो किती, ते ल्युमेनमध्ये लिहिलेलं असतं. जुना ६० वॅटचा बल्ब साधारण ७०० ते ८०० ल्युमेन द्यायचा. तेवढा उजेड आज ८-९ वॅटमध्ये मिळतो.

आता शोभेच्या दिव्याकडे येते. दोन वर्षांपूर्वी मुलाने हौसेने धुरकट काचेचा टांगता दिवा आणला आणि बैठकीच्या खोलीत मधोमध लावला. दिसायला फारच देखणा. त्यानंतर माझ्या सासूबाई, वय ८१, रोज संध्याकाळी आपलं वर्तमानपत्र डोळ्यांशी नेऊन म्हणायला लागल्या, “अगं, हे लोक हल्ली शाई कमी वापरतात का?” महिनाभर आम्ही छपाईलाच दोष देत होतो. मग वाटलं, मोतीबिंदू असेल. डॉक्टरांनी तपासलं, चष्म्याचा नंबरही बदललेला नव्हता. धुरकट काच अर्धाअधिक उजेड आतल्या आत गिळत होती, आणि उरलेला आईंच्या कागदापर्यंत येता येता विरत होता. वय वाढलं की बाहुली लहान होते, डोळ्यातलं भिंग पिवळसर पडतं. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा साठीत पोचतो. आई तर ऐंशीच्या पुढच्या. मुलाने तो दिवा डोळ्यांनी निवडला खरा, पण स्वतःच्या, अठ्ठाविशीतल्या डोळ्यांनी.

दिवा काढून टाकला नाही. मुलाचं मन मोडायचं नव्हतं आणि खोलीला तो शोभतोही. आईंच्या खुर्चीशेजारी, डाव्या खांद्याच्या थोडा मागे, वाकवता येणारा एक साधा दिवा ठेवला. बल्बचं अंतर निम्मं केलं की कागदावर पडणारा उजेड चौपट होतो. छताचा दिवा कागदापासून दोन मीटरवर होता, हा अर्ध्या मीटरवर आहे. त्यामुळे छोटा, ४५० ल्युमेनचा बल्बही पुरला. शाईची तक्रार त्याच संध्याकाळी संपली. स्वयंपाकघरातही हेच: दिवा खोलीच्या मध्यभागी असला की ओट्यावर आपलीच सावली पडते, ओट्यावरच्या कपाटाखाली एक पट्टी लावली की प्रश्न मिटतो.

पारदर्शक काचेतले, आत सोनेरी तारा दाखवणारे बल्ब सध्या फार दिसतात. ते डोळ्यांच्या पातळीवर उघडे टांगू नयेत एवढंच सांगते. दिवा घेण्याआधी त्याच्याखाली खुर्ची ठेवून बसून वर पाहावं. बल्ब थेट डोळ्यांत घुसला तर दुसरी शेड पाहावी.

उजेडाच्या रंगाचा आकडा केल्विनमध्ये असतो आणि तो बहुतेकांना उलटा वाटतो. २७०० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. आकडा मोठा आणि उजेड ‘थंड’, असं कसं? लोहाराचं लोखंड आठवा: आधी लाल, तापत गेलं की पिवळं, आणखी तापलं की पांढरं. आकडा त्या तापण्याचा आहे. मी रंगाचं काम ४००० च्या उजेडात करते, झोपायच्या खोलीत २७०० लावते. निळसर उजेडाने शरीराला दिवस असल्याचा निरोप जातो, म्हणून रात्री तो मला नकोच. आणि एका झुंबरात दोन आकड्यांचे बल्ब लावू नयेत. एक गेला म्हणून हाताला येईल तो लावला, की बाकीचे सगळे आजारी दिसतात.

काही स्वस्त बल्ब लुकलुकतात. जिथे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, तिथे असा बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-तीव्र होतो. डोळ्यांना ते सहसा दिसत नाही, पण शिलाई मशीन चालवताना सुई एकाऐवजी तीन-चार दिसायला लागते. माझं कपाळ दुखायचं त्याचं कारण तेच निघालं. मोबाइलचा कॅमेरा बल्बसमोर धरावा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो बल्ब परत करावा.

एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. हल्ली कितीतरी शोभेच्या दिव्यांत एलईडी कायमची बसवलेली असते. होल्डरच नाही. आमच्या जिन्यातला असा दिवा दीड वर्षात विझला. पितळ शाबूत, काच शाबूत, वायर शाबूत, आणि दुरुस्तीवाल्याने सांगितलं, पूर्ण दिवाच बदला. भोक पडलं म्हणून कोट टाकून द्यायचा नाही, यावर माझा संसार चालला आहे. बल्ब गेला म्हणून दिवा टाकायचा हे मला सहन होत नाही. एलईडी बहुधा उष्णतेने मरते. तिच्या बुडाशी असलेल्या सर्किटला हवा लागत नाही, म्हणून बंद घुमटात ती लवकर जाते. निदान ती बदलता येईल असा होल्डर तरी द्यावा.

म्हणून विनंती अशी की यापुढे आपण दिव्याचा फोटो छापाल तेव्हा खाली चार गोष्टी द्याव्यात: होल्डर कोणता, बल्ब बदलता येतो की नाही, किती ल्युमेनचा आणि किती केल्विनचा लावावा, आणि बसल्या जागेवरून तो उघडा दिसतो का. सोबत निदान एक फोटो रात्रीचा हवा, पडदे ओढलेले आणि खोलीत तो एकच दिवा लावलेला. फोटोत दिव्याखाली उघडं वर्तमानपत्र ठेवा. अक्षरं लागतात की नाही, ते सासूबाई आणि मी पाहून कळवू.

आपली नम्र,
रफूकाम करणारी एक वाचक