माळ्यावर कोण घोरतंय?

प्रिय पक्या,

तुझा मेसेज मिळाला. मे महिन्यात पोरांना घेऊन गावी येऊ का विचारलंयस, तर ये, बिनधास्त ये, पण आधी हे सगळं नीट वाच. फोनवर सांगितलं असतं पण फोनवर तू मधेच हसतोस आणि मग माझा सांगायचा मूडच जातो, म्हणून टाईप करत बसलोय.

तर झालं असं की शिमग्याच्या आधी मी एकटाच गावी गेलो होतो. बायकोला रजा नाही, पोराची परीक्षा, आणि घराची कौलं परतायची राहिलेली. गेल्या पावसात माजघरात गळत होतं, चार रिपा कुजल्यात, म्हटलं पाऊस यायच्या आत मिस्त्री गाठून काम लावून टाकू. तुतारीने कुडाळला उतरलो, दिवसभर झाडझूड केली, न्हाणीघरातली कोळिष्टकं काढली, संध्याकाळी शेजारच्या काकीकडे जेवलो. कुळथाची पिठी, भात आणि तळलेला बांगडा, तुझ्या तोंडाला पाणी सुटू दे. निघताना काकी म्हणाली, "रात्री कोणी हाक मारल्यान तर ओ देऊ नको हां." हे ती मी सात वर्षांचा असल्यापासून सांगते त्यामुळे मी नुसतं हो म्हटलं आणि आलो.

आता तुला माहितीये मी काही गावच्या आवाजांना घाबरणारा नाही. लहानपणापासून सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या तिथेच गेल्या. कौलावरून कांडेचोर पळाला तर कळतं, परड्याच्या मागे भेकर ओरडलं तर कळतं, नवीन माणसाला वाटतं कुत्रं भुंकतंय पण ते एकच तुटक भुंकणं असतं, मग गॅप, मग परत. रातव्याचं चक चक चक तर मला अंगाईसारखं. तेव्हा दार लावलं, माजघरात गादी टाकली, मोबाईल बघत पडलो. साडेअकराच्या सुमाराला लाईट गेली.

आणि बरोब्बर डोक्यावरून, माळ्यावरून, कोणीतरी घोरलं.

मस्करी नाही रे. खर्रर्रर्र करून लांबलचक, एक श्वास आत घेतल्यासारखा, मग शांत. मी म्हटलं भास. मग परत. आणि मग माळ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यातून त्याला उत्तर आलं, जरा बारीक आवाजात. आता तुला कळायला पाहिजे की त्या माळ्यावर आहे काय, तर जुनी नळ्याची कौलं, भाताची कणगी, आणि आजोबांची खाट. आजोबा गेल्यावर ती खाट कोणाला टाकवेना म्हणून वर चढवली. आणि आजोबांचं घोरणं अख्ख्या वाडीत फेमस होतं, गडग्यापलीकडची माणसं त्यावरून वेळ सांगायची. मी इंजिनिअर आहे, पक्या. मी त्या अंधारात बसून हिशोब करत होतो की खाट नेमकी कुठल्या कोपऱ्यात ठेवली होती.

मग डोकं जरा चालायला लागलं तर आणखी वाईट. म्हटलं घोरणं नाही हे, फुत्कार आहे, घोणस असणार. घोणस प्रेशर कुकरसारखी आवाज करते हे आपण ऐकलेलंच आहे. पण घोणस माळ्यावर कशाला चढेल, ती जमिनीवरची, आणि दोन दोन घोणशी आळीपाळीने? टॉर्च मारला तर फळ्यांच्या फटीतून धूळ पडताना दिसली. म्हणजे वर काहीतरी हलत होतं, वजनदार.

तेवढ्यात बाहेर, घरापुढच्या खळ्यावरून, किंकाळी. क्रीऽऽऽश! एकच. बाई किंचाळावी तशी पण बाईची नाही, घसा फाटका. आणि ती किंचाळी झाल्याबरोबर माळ्यावर हैदोस, सगळे एकदम फुसफुसायला लागले, खर्र खर्र खर्र, फळ्यांवर पावलं. मी काकीचा सल्ला धाब्यावर बसवून मागचं दार उघडलं आणि अनवाणी सुटलो तो थेट काकीच्या ओटीवर. पायात काजूच्या पाल्याबरोबर काय काय टोचलं देव जाणे.

काकीचा बंड्या उठला. तो नारळाच्या माडावर रात्रीबेरात्री चढणारा माणूस, त्याने एका हातात बॅटरी घेतली, एका हातात काठी, आणि मला म्हणाला तू शिडी धर. मी शिडी धरली. तो वर गेला, दोन मिनिटं काही बोलेचना, आणि मग हसायला लागला. "अरे मेल्या, पिल्लां आसत ही! वर ये, बघ."

गेलो. खाटेच्या मागे, कणगीला टेकून, गव्हाणी घुबडाची चार पिल्लं. चारही वेगवेगळ्या साईजची, मोठं जवळजवळ पुरतं पिसांचं आणि सगळ्यात धाकटं म्हणजे नुसता पांढरा कापूस. त्याचं कारण मला नंतर समजलं, मादी अंडी एकदम घालत नाही, दोनेक दिवसांच्या अंतराने घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे पिल्लं पण रांगेने बाहेर येतात. उजेड पडल्यावर त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. चौघांनी माना खाली घातल्या, अगदी फळीपर्यंत, आणि तो पांढरा बदामाच्या आकाराचा चेहरा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हळूहळू झुलवायला लागले, चौघंही, आणि सोबत तो फुत्कार, मधेच चोच कटकट वाजवायची. शत्रूला घाबरवायची त्यांची रीत ती. माझ्यापुरती शंभर टक्के यशस्वी.

तर ते घोरणं म्हणजे भूक लागल्यावरचं मागणं, रात्रभर चालतं. आणि खळ्यावरची किंकाळी त्यांच्या आईची नाहीतर बापाची. गव्हाणी घुबड घू घू करतच नाही रे, ते काम दुसऱ्या घुबडांचं, हे किंचाळतं. आणि उडतं तेव्हा मात्र काहीच ऐकू येत नाही, पंखांच्या पिसांची कड कंगव्यासारखी असते त्यामुळे हवेचा आवाज होत नाही. पुढच्या रात्री मी खळ्यात खुर्ची टाकून मुद्दाम बसलो तर डोक्यावरून पांढरं काहीतरी सरकलं, पायात उंदीर लोंबत होता, गवाक्षातून आत. पंखांचा आवाज शून्य, आणि आत गेल्याबरोबर तो सगळा फुसफुसाट. त्याचे दोन कान एका रेषेत नसतात, एक वर एक खाली, म्हणून मिट्ट काळोखात पण उंदीर नेमका कुठे खुडबुडतोय ते त्याला कळतं. फळीवर काळसर गोळे पडलेले, आधी मला विष्ठा वाटली, बंड्याने एक फोडून दाखवला तर आत उंदराची कवटी, पिवळ्या दातांसकट, आणि केस. उंदीर अख्खा गिळायचा आणि न पचलेलं तोंडावाटे टाकायचं. बंड्या म्हणतो गेल्या वर्षीपासून त्याच्या भाताच्या पोत्यांना भोकं नाहीत. आपल्याकडे पावसात उंदरांमुळे पसरणाऱ्या लेप्टो तापाची केवढी भीती असते, त्यात हे फुकटचे कामगार.

पण खरी कटकट इथून पुढे. मिस्त्री आला, त्याच्या माणसाने वर डोकं घातलं आणि सरसर खाली उतरला. घुबड शिरलं ते घर ओस पडतं, मी नाय हात लावणार. दुसरा म्हणाला दगड मारून हाकलूया, तर काकी कडाडली, घुबडाला दगड मारशील तर तो दगड नेऊन ते पाण्यात घासतं आणि दगड झिजेल तसा तू झिजशील. ही समजूत मला या जन्मात पहिल्यांदाच उपयोगी पडली, मी अजिबात खोडून काढली नाही. मी आपलं म्हटलं की घर ओस पाडायचं तर आम्ही मुंबईला जाऊन ते काम आधीच केलंय, घुबडाला उगाच बोल लावू नका. ह्यावर काकी बराच वेळ काही बोलली नाही.

मग मी 1926 वर फोन लावला, वनखात्याची हेल्पलाईन आहे ती. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं, 1972 च्या वन्यजीव कायद्याने घुबडाला संरक्षण आहे, पिल्लं हलवू नका, उडेपर्यंत थांबा म्हणाला. पिल्लं साधारण दोन महिन्यांची झाली की उडतात. म्हणजे धाकट्याच्या हिशोबाने एप्रिलचा शेवट. मिस्त्री वैतागला, त्याची पुढची कामं लागलेली, शेवटी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येतो म्हणालाय, ॲडव्हान्स घेऊनच. घरी बायको म्हणते घुबडांसाठी कौलं थांबवणारा तू पहिलाच. असेन. दुसऱ्याच्या घरात पोरं लहान असताना आपण छप्पर काढत नाही, तर इथे का काढायचं? आणि हो, बंड्याच्या बापाने सगळ्यांच्या समाधानासाठी राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, मी पण मागे उभा राहून व्हय म्हाराजा म्हटलं, त्यात काय जातं. गाऱ्हाण्यात घुबडांचा पण उल्लेख झाला, ह्या पाखरांका सांभाळ म्हणून.

तर तू मेच्या पहिल्या पंधरवड्यात ये, नंतर घरावर छप्पर नसेल. तोवर पिल्लं बहुतेक उडालेली असतील पण जोडी माळ्यावर येत-जात राहील, म्हणून वहिनींना आधीच सांगून ठेव, किंकाळी ऐकून त्या माझ्यासारख्या अनवाणी सुटल्या तर मला तोंड दाखवायला जागा नाही. झोपायला ओटीवर, माजघरात नाही. माळ्याची शिडी काढून बंड्याकडे ठेवलीय, तुझ्या धाकट्याला आधीच ओळखून आहे मी. त्याला बघायचंच असेल तर संध्याकाळी खळ्यात बसवू, मोबाईलचा फ्लॅश बंद.

तिकिटाचं मात्र आजच बघ. रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधी उघडतं, आणि मे महिन्यातली कोकणकन्या उघडल्या उघडल्या भरते. नाही मिळालं तर वेटिंगवर विसंबू नकोस, सरळ गाडी काढ.

तुझा,
बाळ्या

ता. क. काकीने विचारलंय तुझो तो मुंबयवालो मित्र अजून सोलकढी वाट्यावर वाट्या पिता काय. नारळ किती फोडायचे त्याचा तिला अंदाज पाहिजे.